सहावी की सातवी

हातात पिपेट तशीच धरून मोजणीबाई थांबल्या.

समोर बारा थाळ्या ओळीने मांडल्या होत्या. प्रत्येकीत उंदराच्या मेंदूतल्या हजारो चेतापेशी. त्यांना आधी विष द्यायचं, मग रोज संप्रेरकाचा एकच थेंब सोडायचा आणि किती पेशी तगतात ते मोजायचं. दुसऱ्या फळीवरच्या बारा थाळ्यांना तो थेंब मिळत नसे. एका थाळीतही चूक झाली, तर सगळा प्रयोग वाया. एकोणीस वर्षं हेच काम केल्यामुळे प्रयोगशाळेत बाईंचं खरं नाव कुणाच्या तोंडी उरलं नव्हतं.

आणि आज, आत्ताचा थेंब सहाव्या थाळीत पडला की सातव्या, हे काही केल्या आठवेना.

गेल्या महिन्यात शेजारणीचं नाव ऐन वेळी सुचलं नव्हतं. परवा किल्ली कुलपालाच लटकत राहिली. काल स्वयंपाकघरात 'चाळणी' हा शब्दच गायब झाला. दर वेळी त्यांनी हसण्यावारी नेलं होतं. पण दोन वर्षांपूर्वी गाठीमुळे त्यांचे दोन्ही अंडाशय काढले होते, आणि समोरच्या बाटलीतलं संप्रेरक तिथेच तर तयार व्हायचं. थेंबाविना पेशींचे तंतू मण्यांची माळ तुटावी तसे कसे तुटत जातात, ते त्या रोज डोळ्यांनी बघत होत्या. आई तर शेवटची तीन वर्षं त्यांना 'अहो नर्सबाई' म्हणायची.

आजूबाजूला कुणी नव्हतं. सातवीत थेंब टाकून मोकळं व्हायचं. दोनदा पडला तरी कोण बघायला येतंय? हात पुढे गेलासुद्धा. मग त्यांनी बाटलीला झाकण लावलं आणि सरांच्या खोलीत गेल्या.

"सर, हा प्रयोग बाद करावा लागेल. माझ्याकडून चुकलंय."

"काय चुकलं?"

"तेच तर आठवत नाहीये."

सर हसले. "अहो, मी रोज कपाळावरचा चष्मा घरभर शोधतो." मग त्यांचं बाईंच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. "बसा बघू."

बाई उभ्याच राहिल्या. "माझे अंडाशय काढलेत, सर. थेंब नसलेल्या थाळ्यांचं काय होतं, ते मला कुणी सांगायला नको."

सरांनी पेन खाली ठेवलं. "थाळीतल्या पेशींना आपण मुद्दाम विष पाजतो. शिवाय तिथे त्यांना दुसरा आधार नसतो. माणसाचा मेंदू हे संप्रेरक थोडंफार स्वतःही बनवतो. थाळीवरून माणसाचं भाकीत करता येत नाही."

"म्हणजे मला काही होणार नाही?"

"तसंही मी म्हणू शकत नाही. डॉक्टरांना दाखवा. अंगावर काढू नका."

निदान आज तरी ते खोटं बोलतील, अशी बाईंना वेडी आशा होती.

बाहेर येऊन त्यांनी बहिणीला फोन लावला. "ताई, उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात येशील?"

"काय झालं गं?"

"विसरायला होतंय."

आईचं नाव दोघींनीही काढलं नाही. ताई म्हणाली, "नऊला येते. पोटात काहीतरी ढकलून तयार राहा."

बाई जागेवर परतल्या. वहीत तारीख घालून त्यांनी लिहिलं, 'सातव्या थाळीत थेंब टाकला की नाही, मला आठवत नाही. प्रयोग बाद.' खाली पूर्ण नावाने सही केली.

फेकण्याआधी त्यांनी पहिली थाळी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पेशी छान तगल्या होत्या. बारीक तंतू लांबत लांबत एकमेकींपर्यंत पोचले होते. त्यांनी भिंगाखालच्या एका चौकटीपुरत्या मोजल्या. चव्वेचाळीस. खात्रीसाठी पुन्हा मोजल्या. चव्वेचाळीसच.

मग थाळी बेसिनमध्ये ठेवून वर जंतुनाशक ओतलं. पेशी ज्यात वाढत होत्या ते गुलाबी पाणी बघता बघता बिनरंगी झालं. बाईंनी दुसरी थाळी उचलली.