बावीस वर्षांच्या नावाचं तेज

व्यापाऱ्यांच्या हॉलमध्ये खुर्च्या कधीच संपल्या होत्या. लोक खिडक्यांच्या कठड्यांवर चढून बसले होते. स्टेजवर लॅपटॉप, मागे पडदा आणि मधोमध साक्षात डोमेनमहाराज! 'महाराज' ही पदवी त्यांनी स्वतःच लावून घेतली होती. कुणी देईना, मग माणूस करणार तरी काय?

"वेबसाइटचं नाव म्हणजे डोमेन. नावाला वय असतं, वयाला तेज असतं!" महाराज डोळे मिटून सांगत होते. "सर्च इंजिन आधी जन्मतारीख बघतं. कालच्या पोराला पहिला नंबर कोण देईल?"

मग चमत्कार. बावीस वर्षांपूर्वी नोंदवलेल्या एका नावावर महाराजांनी गेल्याच महिन्यात एक पान चढवलं होतं. त्यांनी टाइप केलं, 'सुईतेज यंत्रारोग्य'. आणि पडद्यावर तेच पान सगळ्यात वर! टाळ्यांनी हॉल दणाणला.

तिसऱ्या रांगेतल्या शिलाई मशीनच्या मिस्त्रींच्या अंगावर काटा आला. त्यांना हे पटणारच होतं. "जुनं मशीन विकू नका, असलं लोखंड आता मिळत नाही," हेच तर ते जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आले होते. त्यात दुकानात माश्या मारायची वेळ आलेली, आणि वेबसाइट जेमतेम आठ महिन्यांची. तिच्यावर गिऱ्हाइकांच्या प्रश्नांची चाळीस उत्तरं होती. ती लिहिली होती त्यांच्या बायकोने, म्हणजे शाळेतल्या गणिताच्या बाईंनी. मिस्त्री सांगत, बाई लिहीत, आणि पटलं नाही की मशीन उघडून दाखवायला लावत.

"आधीची साइट पुसून टाका," महाराज जुनी नावं विकत घेण्याचे फॉर्म वाटत म्हणाले. "कोवळ्या नावाची सावली पडली की तेज जातं."

मिस्त्रींनी पेन उघडलं.

"अहो, थांबा जरा," शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या.

"आता काय? डोळ्यांनी बघितलंस ना?"

"बघितलं. पण चाळीस उत्तरं पुसायचीत, जीव तुटतो माझा. एकदा नीट बघू द्या." बाई उभ्या राहिल्या. "महाराज, 'सुईतेज यंत्रारोग्य' असं जगात आणखी कुणी लिहिलंय?"

"छे! मी स्वतः घडवलेले शब्द आहेत ते!" महाराजांची छाती फुगली.

"मग वर्गात एकच विद्यार्थी असला की तो पहिला येणारच की हो! त्यात वयाचा काय संबंध?"

हॉलमध्ये खसखस पिकली. महाराज म्हणाले, "ताई, श्रद्धा लागते."

"सर्च इंजिनला पण?"

बाई शेजारच्या शिंप्याकडे वळल्या. "मास्तर, तुमचा फोन काढा. माझा नको, तो सारखा आमच्याच साइटवर असतो. मला खूश करायला बघेल. मशीन अडलं की काय विचाराल?"

शिंप्याने टाइप केलं, 'मशीन खालून दोऱ्याचा गुंता का करतं'. पाच पानं चाळली, महाराजांच्या नावाचा पत्ता नाही. तो पुन्हा पहिल्या पानावर आला. "हे तिसरं कुणाचं? अहो मिस्त्री, हे तर तुमचं दुकान!" तो मोठ्याने वाचू लागला, "'गुंता खाली दिसतो, पण चूक बहुतेक वेळा वर असते. कापड दाबणारा पाय उचलून वरचा दोरा पुन्हा ओवा.' अरेच्चा! इतकं सोपं?"

"पण जुन्या साइट वर दिसतात, त्याचं काय?" मागून कुणीतरी विचारलं.

"काही दिसतात. इतकी वर्षं त्यांच्यावर काम झालंय, वाचणाऱ्यांनी दहा जणांना त्यांचा पत्ता दिलाय. त्याचं फळ आहे ते, वाढदिवसाचं नाही." बाई नवऱ्याकडे वळल्या. "तुम्ही सांगा, जुनं मशीन कशावर चालतं? वयावर?"

"तेलावर," मिस्त्री सवयीने बोलून गेले, आणि स्वतःच ओशाळून हसले. माळ्यावर एक मशीन गंजत पडलं होतं. वय त्यालाही होतंच.

महाराजांना एकदम दुसऱ्या कार्यक्रमाची आठवण झाली. जाऊ द्या बापडे! चमत्कार बघून टाळी वाजवायला कुणाची ना नाही. फक्त सही करण्याआधी आपला स्वतःचा प्रश्न, दुसऱ्याच्या फोनवर, एकदा विचारून बघावा.

मिस्त्रींनी फॉर्म उलटा केला. "मास्तर, मशीनची आणखी काही तक्रार?" शिंपी सांगू लागला, आणि कोऱ्या बाजूवर मिस्त्रींनी एक्केचाळिसावा प्रश्न लिहून घेतला.