आयांची परीक्षा

फिलँडर बाई शाळेतून निवृत्त झाल्या, तरी मुलं काही सुटली नाहीत. शहरातल्या विद्यापीठानं हेक्स नदीच्या खोऱ्यातल्या मुलांची तपासणी सुरू केली, तेव्हा मुलांसमोर बसायला ओळखीचं माणूस हवं होतं. आणि बाईंच्या हाताखाली अक्षर न गिरवलेलं एकही घर द्राक्षमळ्यांच्या त्या खोऱ्यात सापडलं नसतं.

आई गरोदर असताना दारू प्याली असेल, तर त्या मुलाचं डोकं पुढं कसं चालतं, हे पाहायचं होतं. काम दिसायला साधं. कागदाच्या माथ्यावर काही चित्रं, प्रत्येक चित्राखाली त्याची खूण. ताऱ्याखाली रेघ, चंद्राखाली फुली, माशाखाली टिंब. त्याखाली ओळीनं नुसती चित्रं. मुलानं वर बघून एकेकाची खूण भरायची, आणि समोर घड्याळ चालू. नुसतं पटपट संपवून भागत नाही, आणि तास लावून बिनचूक भरलं तरी भागत नाही. लागलेला वेळ आणि बरोबर खुणा, दोन्हींचा मिळून हिशेब. ज्यांना ते जड जाईल, त्यांच्यासाठी शाळेनं यंदा एक लहान वर्ग काढला होता. मोजकी मुलं, एक शिक्षिका, आणि फळा पुसायची घाई नाही.

मळ्यावरच्या बायका मात्र याला आयांची परीक्षा म्हणत. पेट्यांत द्राक्षं भरता भरता चेष्टा चाले.

"काय गं सारी, पास झालीस का?"

"मी कसली होतेय! माझ्या बापाला मालक मजुरीतच वाईन देत होता. आमची अख्खी पिढी आधीच नापास."

सगळ्या हसत. मेल्विना हसत नसे. तिची मुलगी लुसाने अजून तपासणीला बसायची होती. लुसानेच्या वेळी मेल्विना पीत होती, हे सगळ्या जणी जाणून होत्या. आता ती थेंबाला शिवत नव्हती, रविवारी चर्चमध्ये पुढच्या रांगेत उभी राहून गात होती. मुलगी पास झाली की तो विषय कायमचा मिटेल, असं तिनं मनाशी धरलं होतं.

लुसाने बसली त्या दिवशी बाईंनी नीट 'सुरू' म्हणायच्या आधीच तिची पेन्सिल चालू झाली. एकदाही वर न बघता तिनं ओळीमागून ओळ भरली. एक खूण चुकली नाही. बाईंनी घड्याळ थांबवलं आणि काट्याकडे बघत राहिल्या. चर्चच्या रविवारच्या वर्गात ही मुलगी त्यांच्याकडेच असे. बूट घाल आणि पुस्तक आण म्हटलं, की एक बूट घालून, पुस्तक विसरून दारात उभी राहणारी.

तपासणीला दुसरा कागद असे. चित्रं तीच, खुणा बदललेल्या.

"लुसाने, आधी वर बघ हं. आता ताऱ्याखाली फुली आहे."

लुसानेनं मान डोलावली आणि ताऱ्याखाली रेघ काढली. मग चंद्राखाली फुली. तशीच शेवटपर्यंत गेली, पहिल्याइतकीच भराभर.

"बाई, हा कागद चुकलाय."

"कसा गं?"

"ताऱ्याखाली रेघच असते. मम्मी म्हणते. आमच्या अंगणात आहे ना काढलेली."

दुपारी बाई मजुरांच्या चाळीकडे गेल्या. मेल्विनाच्या दारासमोर सिमेंटवर खडूनं चित्रं आणि खुणा काढल्या होत्या. एक पोरगं "मासा!" म्हणून ओरडे आणि बाकीची टिंबावर उड्या मारत. आधी बसून आलेल्या मुलांकडून बायकांनी एकेक चित्र काढून घेतलं होतं आणि मेल्विनानं त्यांची जुळणी केली होती. खेळ छान होता. शाळेत असताना आपल्याला सुचला असता तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटून गेलं.

मेल्विना पायरीवर रताळी सोलत होती. ती उठली नाही.

"तू शिकवलंस?" बाईंनी विचारलं.

"शिकवणं गुन्हा आहे होय? तुम्ही जन्मभर दुसरं काय केलंत?"

"चांगलं शिकवलंस. म्हणूनच घोटाळा झालाय."

"म्हणजे पास ना ती?"

"पहिल्या कागदात पास. तोच धरला तर लहान वर्गातली जागा दुसऱ्याला जाईल. लुसाने आहे तिथंच राहील, मागच्या बाकावर."

"बसू दे. मी पण मागंच बसायचे."

"तू गप्पा मारायला बसायचीस, मेल्विना. तिचं निम्मं उतरून होईपर्यंत फळा पुसलेला असतो."

मेल्विनानं सोललेलं रताळं पुन्हा सोलायला घेतलं. "आणि नापास झाली तर? पेट्या भरायला उभी राहिले की सगळ्या माझ्या तोंडाकडे बघतील. म्हणतील, हिनंच केलं."

मुलांशी खोटं बोलायची सवय बाईंना नव्हती आणि मेल्विना त्यांच्याच हाताखालून गेलेली. "म्हणतील," त्या म्हणाल्या. "थोडे दिवस म्हणतील. पण मी तुला मोजत नाहीये. घड्याळ तिच्यापुढं ठेवलंय. तिला किती वेळ द्यायचा, ते कळायला हवं ना कुणाला तरी."

शेजारच्या दारातून सारीनं डोकं काढलं. "काय गं, बाई स्वतः घरी आल्या? पहिला नंबर वाटतं!"

मेल्विनानं सुरी खाली ठेवली.

"नाही. परत बसवायचंय तिला. मी पढवून पाठवली होती." मग जरा मोठ्यानं, "आणि ती पोटात असताना मी पीत होते. तुला काय सांगायचं, तूच ओतत होतीस."

सारी आत गेली. थोड्या वेळानं पुन्हा दारात आली, तशीच उभी राहिली. अंगणात पोरं उड्या मारतच होती.

"दुसरी चित्रं आहेत आमच्याकडे," बाई म्हणाल्या. "या मुलांनी न पाहिलेली."

"कुठली ते मला सांगू नका." मेल्विना पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघून बोलली. "आणि सकाळी घ्या तिला. दुपारनंतर तिचं डोकं मिटतं. दोन गोष्टी एकदम सांगू नका, पहिली सुटते. चूक झाली म्हणून ओरडलं की ती हसते, तो आगाऊपणा नसतो. आणि..."

बाई तिच्या शेजारी पायरीवर बसल्या. मेल्विना बराच वेळ सांगत होती.