प्रिंटरपुरतं नवं

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या साली खामगावच्या जिनिंगवर गाड्या येईनात, आणि ऑफिसात अलीजा एकटीच उरली. नवा प्रिंटर आला, पण कॉम्प्युटरवरच्या जुन्या, भरवशाच्या लिनक्स सिस्टमला तो ओळखता येईना. तिनं गणेशला फोन लावला. काम घटल्यावर पुण्याला जाईपर्यंत तो शेजारच्याच खुर्चीत बसायचा.

“सगळी सिस्टम बदलू नको,” तो म्हणाला. “बॅकपोर्ट्समधून, म्हणजे जुन्या सिस्टमवर चालतील अशा नव्या सॉफ्टवेअरच्या साठ्यातून, प्रिंटरचं तेवढं नवं पॅकेज घे. बाकी जुनंच राहू दे.”

तिनं तसं केलं आणि कागद छापून आला.

“झालं. तू इकडे कधी येशीन?”

“आता इथंच करमते मले. अजून काही अडलं काय?”

अडलं काहीच नव्हतं. पण त्यानं फोन ठेवू नये म्हणून ती म्हणाली, “हाव, स्कॅनिंग होऊन नाही राह्यलं.”