पाइपाच्या बुडाशी ओतलेलं पाणी

नवरा रत्नपाल न्हाणीत करंट लागून गेला त्याला वर्ष होत आलं होतं, आणि वर्षभर सुमनबाईने त्या न्हाणीत पाऊल टाकलं नव्हतं. परसात साडीचा आडोसा बांधून, गाव उठायच्या आत ती अंग धुवायची. गेल्या आठवड्यात तिथेच ओल्या दगडावरून पाय घसरला आणि मनगट सुजलं. तेव्हा तिची लेक रीना गोंदियाहून रजा काढून आली. रीना कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक होती. न्हाणीतला बल्बचा होल्डर तिनेच शिकत असताना मोठ्या हौसेने बसवला होता. तो ओला झाला आणि त्यानेच बापाचा जीव घेतला, असं गाव म्हणत होतं. आई काहीच म्हणत नव्हती. रीनाला तेच सोसवत नव्हतं.

या वेळी तिने कुठेच कसर ठेवली नाही. न्हाणीकडे जाणारी जुनी तार मीटरपासूनच कापून टाकली. बॅटरी बाहेर, पडवीतल्या उंच फळीवर ठेवली. फ्यूज बॅटरीला लागूनच लावला. आत गेल्या त्या फक्त दोन बारीक तारा, प्लास्टिकच्या पट्टीतून, आणि त्यांच्या टोकाला बारा व्होल्टचे दोन छोटे दिवे.

शेजारचा केशोराव सकाळी बादली घेऊन आला. रत्नपालचा तो लहानपणापासूनचा दोस्त. दोघांनी मिळून बोअर मारली होती; खाली तिचा पाइप प्लास्टिकचा होता, वरचा लोखंडी पाइप केशोरावच्या भिंतीला घासून रीनाच्या न्हाणीत येत होता.

"काय करून राहिली, रीना?"

"कमी व्होल्टचे दिवे लावून राहिली, काका. याचा झटका लागत नाही."

"बारा व्होल्टात माहा कूलर फिरन का? इथं पुऱ्या करंटवर बी तो म्हाताऱ्या बैलावानी चालते!" तो हसला, पाइप जिथे जमिनीत शिरत होता तिथे बादलीभर पाणी ओतलं आणि निघून गेला. तिथे ना झाड होतं, ना वेल. रीनाच्या ते नजरेत आलं, पण हातात काम होतं.

दुपारी रीनाच्या घराची लाइन गेली. केशोरावचं घर दुसऱ्या फेजवर होतं, त्याचा कूलर घरघरत होता. रीनाने दिवे लावले. सुमनबाई दारात आली, आत डोकावली.

"बापा! एवढा उजेड?"

वर्षभरात आई पहिल्यांदा हसली होती. तिने पदर खोचला, एक पाय उंबऱ्याच्या आत ठेवला आणि नळाकडे हात नेला.

रीनाच्या हातात टेस्टर होता. काम संपलं की हाताच्या टप्प्यातलं सगळं लोखंड तपासायचं, ही प्रयोगशाळेतली सवय. कडी तपासून झाली होती. आईच्या हाताआधी तिने टेस्टर नळाला टेकवला आणि त्यातला बारीक दिवा लाल पेटला.

"माय, मागं हो!"

"काऊन? तूच म्हनली ना, झटका नाही लागत?"

"हात नको लावू! मागं हो म्हनलं ना!"

घरात लाइन नव्हती. जुनी तार कापलेली होती. बॅटरीने टेस्टर पेटत नाही. मग हे आलं कुठून? भिंतीपलीकडे कूलर घरघरत होता. रीनाने पाइपाच्या बुडाकडे पाहिलं. सकाळची ओल वाळून मातीला भेगा पडल्या होत्या.

ती धावतच केशोरावच्या दारात गेली.

"काका, कूलरची दुसरी तार कुठं जोडली?"

"पाइपाले. न्यूट्रलचा, परतीच्या तारेचा, भरोसा हाय का इथं? सारं गाव असंच करून राहिलं. माती सुकली का कूलर हळू होते, मंग टाकतो बादलीभर पानी."

ओली माती करंट गिळते. सुकलेली माती गिळत नाही, मग तो पाइपातच राहतो, कुणाचा तरी ओला हात लागेपर्यंत. रीनाला हे सगळं पाठ होतं. वर्षभर ती मात्र होल्डरच धरून बसली होती.

"बाबा गेले तेव्हा पानी कोन टाकत होतं?"

"मी तं सालेकशाले गेलतो. साळ्याच्या लग्नाले. चार दिवस..."

"आन् कूलर?"

"पोट्टे होते ना घरी, चालूच असन." केशोरावचा चेहरा पांढरा पडत गेला. एकाएकी तो उठला आणि भिंतीवरची तार उपटायला धावला.

"आधी बटन, काका! आधी बटन बंद करा!"

बटण बंद झालं, कूलर थांबला. तार हातात धरून केशोराव भिंतीशी बसला. "सुमनले नको सांगू, रीना. पाया पडतो तुया."

पण सुमनबाई दारातच उभी होती, सुजलेला हात छातीशी धरून. ती कधी आली, कुणाला कळलं नव्हतं. तिने आधी लेकीकडे पाहिलं.

"म्हंजे तुया होल्डरनं नाही," ती म्हणाली.

रीनाने होकाराची मान हलवली.

मग सुमनबाई केशोरावकडे वळली. आवाज चढला नाही.

"जाताना मले सांगून गेले अस्ते, भाऊ, तं बादलीभर पानी मीच टाकलं अस्तं ना."