शेजारी निकाल होता

हंबीरराव जयनगरच्या बाजारात कोथिंबीर आणायला गेले आणि परतले नाहीत. वर्षभर ते एकेक विसरत आले होते: आधी किल्ली, मग गल्ली, मग बायकोचं, रत्नाबाईंचं, नाव. त्या दिवशी घरच विसरले.

वरच्या खोलीत अवधूत राहायचा. पुण्याहून कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी आलेला, रत्नाबाईंच्या हातचं जेवणारा. त्याने हंबीररावांसाठी वेबसाईट करायला घेतली. एकच पान, त्यावर फोटो आणि घरचा पत्ता. एक कन्नड पेपर कॉम्प्युटरच्या सदरात तिची दोन ओळींची माहिती छापणार होता.

वेबसाईट ठेवायला जागा कसली घ्यायची, हे त्याने रत्नाबाईंनाच विचारलं. डेडिकेटेड म्हणजे अख्खं मशीन आपलं. शेअर्ड म्हणजे एका मशीनवर शेकडो जणांच्या वेबसाईटी. रत्नाबाई वाढल्या त्या चिकपेटच्या वठारात. एक अंगण, एक नळ, बारा बिऱ्हाडं.

"एकटं नको ठेवू रे त्यांना," त्या म्हणाल्या. "चार माणसांत असू दे. येणारंजाणारं कुणी विचारेल तरी."

तिथे कुणी कुणाला विचारत नाही, हे अवधूतला ठाऊक होतं. पण कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू आलं होतं.

"सरी, अक्का," तो त्यांच्या कन्नडमध्ये 'बरं' म्हणाला.

मेमधल्या एका सोमवारी पेपरात माहिती आली. नेमका त्याच दिवशी, त्याच मशीनवरच्या कुणाच्या तरी वेबसाईटवर दहावीचा निकाल लागला. हजारो मुलं तिथे लोटली. मशीन गुदमरलं. हंबीररावांचं पान दिवसभर उघडलं नाही.

पुढच्या आठवड्यात तुमकूरहून कार्ड आलं, इस्पितळातल्या एका बाईचं. अवधूतला कन्नड वाचता येत नव्हतं. रत्नाबाईच वाचून मराठीत सांगत गेल्या. नाव न सांगणारे एक आजोबा तिथे होते. सोमवारी पेपरातला वेबसाईटचा पत्ता तिने पाच वेळा लावला, उघडला नाही. खोटा असेल वाटलं. काल सहज पुन्हा लावला, तर तोच चेहरा. पण ते गुरुवारीच गेले. बेवारस म्हणून अग्नी दिला. उशाशी कोथिंबिरीची सुकलेली जुडी होती, कुणाला हात लावू देत नव्हते.

अवधूतने खाली मान घालून निकालाचं सांगितलं. वेगळं मशीन घ्यायला हवं होतं, म्हणाला.

रत्नाबाई बराच वेळ कार्डाची घडी घालत राहिल्या.

"शेजारची पोरं पास झाली का रे?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात, पुसून टाकण्याआधी, त्याने ते पान उघडलं. लगेच उघडलं. फोटो ओळीओळीने खाली उतरू लागला. पांढरे केस, कपाळ, डोळे. ओठ दिसेपर्यंत अवधूत थांबला नाही.