बियाचं तवसं

त्या वर्षी पावसाला काही ताळतंत्र राहिलं नव्हतं. मिरग कोरडा गेला, आषाढात ऊन तापलं, आणि वेलांना फळं धरायच्या वेळेला असा कोसळला की लाटंबार्शातल्या पद्मावतीच्या मळ्यातलं सगळं तवशाचं, त्या मोठ्या गावठी काकडीचं, रान पिवळं पडलं.

तिने सुचेल ते केलं. राख फुंकली, ताक-गोमूत्र शिंपडलं, कुजकी पानं खुडून लांब नेऊन टाकली. औषधाची बाटली मात्र घरात येऊ द्यायची नाही, हा तिचा हट्ट. खाणी बंद पडल्यावर तिच्या नवऱ्याने, गौरेशने, ट्रक विकला आणि दोघं भाजीत उतरली, तेव्हाच तिने बजावलं होतं की मळ्यात विष आलं तर मी येणार नाही. गौरेशने मान डोलावली. खाणीवर कुणाचंही न ऐकणारा माणूस घरी चटकन ऐकायचा.

तवशाचं ते वाण तिने पेडण्याहून, माहेराहून आणलं होतं. देठाकडेही कडू लागत नसे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात लोक त्यासाठी तिला शोधत यायचे. बी दरवर्षी घरचंच, आणि ते कुणाला द्यायचं नाही. शेजारच्या सुशीलाने दोनदा मागितलं, तेव्हा "यंदा कमीच धरलां गो," म्हणून तिने वेळ मारून नेली होती. डबा तेव्हा गच्च भरलेला होता. यंदा मात्र मिरगातली पेरणी करपली, दुसऱ्यांदा पेरावं लागलं, आणि डबा खरोखरच रिकामा झाला.

काजूच्या कुंपणावर चढलेल्या एका वेलाला एकच तवसं तगलं. पद्मावतीने त्याच्या देठाला तांबडी चिंधी बांधली. तिच्या माहेरी बियाच्या फळाला अशी चिंधी बांधत. ती दिसली की कुणी हात लावत नसे. नवऱ्याला हे सांगायला हवं, असं तिच्या मनातही आलं नाही.

चवथीच्या आदल्या दिवशी ती डिचोलीच्या बाजारातून रानफळं घेऊन आली, तर गौरेश स्टुलावर उभा राहून माटोळी बांधत होता. गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या त्या फळापानांच्या लाकडी चौकटीत, बरोबर मधोमध, चिंधीसकट ते तवसं लोंबत होतं.

"बघ गो," गौरेश म्हणाला, "यंदा माटोळी उघडी दिसतली असां वाटलेलां. पण तू देवाचां फळ राखून ठेवलंस!"

पद्मावतीच्या हातातली पिशवी खाली आली. "अहो, तां बियाक ठेवलेलां. एकच होतां."

"आणि चिंधी? आमची आवय देवाच्या फळाक अशीच बांधी."

तिला संताप आला, पाठोपाठ रडू आलं. पण भांडायचं कुणाशी? सासू असती तर तिनेही तेच केलं असतं. आणि देवाच्या डोक्यावर एकदा चढलेलं उतरवायची छाती दोघांचीही नव्हती.

मग रोज आरतीला सगळ्यांचे डोळे गणपतीवर आणि तिचे माटोळीवर. फळ अजून हिरवंच होतं. आतलं बी पोचट निघालं तर वाण संपलंच. तिने देवाला सरळ सांगून टाकलं, तवसं तुझं, पण बी तेवढं पिकू दे. एरवी गौरेशचा आरतीचा आवाज वाडीच्या टोकापर्यंत जायचा, यंदा तो उंबरठाही ओलांडेना.

सुशीलाचा नवरा शिवदास दरवर्षी त्यांचा गणपती डोक्यावरून नदीवर न्यायचा, आणि माटोळीतलं तवसं दरवर्षी त्याचं. सासऱ्यांच्या वेळेपासूनचा हा रिवाज. विसर्जनाहून परतताना गौरेश हळूच म्हणाला, "त्याका तवशाच्या बदली नारळ देतंय. समजून घेतलो तो."

"नको. त्याचां तां त्याका," पद्मावती म्हणाली.

तिने स्वतः ते उतरवून शिवदासच्या हातात दिलं. बी तेवढं ठेव म्हणायचं ओठांवर आलं, पण दिलेल्या फळावर हक्क सांगणं तिला पटेना. देताना तिची बोटं देठावर जरा रेंगाळली. मागे उभ्या असलेल्या सुशीलाने ते पाहिलं.

दसरा जवळ आला तेव्हा शिवदास तवसं किसून, गूळ घालून केळीच्या पानावर भाजलेली गरम तवसाळी घेऊन आला. पद्मावतीने एक तुकडा उचलला आणि तसाच बाजूला ठेवला. गौरेश म्हणाला, "बरी झाल्या गो," आणि तिने असं पाहिलं की त्याने हातातली वडी ताटात परत ठेवली.

ताट रिकामं परत करायचं नाही, म्हणून त्यात तांबड्या भाजीची जुडी ठेवून ती सुशीलाकडे गेली. सुशीला चुलीपाशी होती. तिच्या मागच्या भिंतीवर राखेत थापलेलं बी होतं. टपोरं, भरलेलं, ओळीने चिकटवलेलं. वर खुंटीला ती तांबडी चिंधी.

पद्मावती ताट खाली ठेवून भिंतीजवळ गेली.

"चिंधी बघितली आणि समजलां," सुशीला म्हणाली. "मी पण पेडण्याचीच गो. देठ सुकेपर्यंत चुलीवर टांगून ठेवलां, मगच कापलां. पिकतलां की कुसतलां, काय सांगणार? म्हणून तुका काय बोललंय नाय."

"तू राखलंस, सुशीलावयनी. सगळां तुझांच."

"सगळां घेऊन काय करू? अर्धां तू ने, अर्धां हंय ऱ्हांवदे. ह्या पावसाचो आता काय भरवसो? तुझां कुसलां तर माझां आसतलां, माझां कुसलां तर तुझां."

पद्मावतीला तो गच्च भरलेला डबा आठवला. तिला आपलीच लाज वाटली, आणि ती गप्प बसू शकली नाही.

"वयनी, तू बी मागलंलंस तेव्हा माझ्याकडे होतां गो. मी तुका फसयलंय."

"ठावक आसा माका," सुशीला म्हणाली, आणि भिंतीवरचं पहिलं बी नखाने सोडवून तिने पद्मावतीच्या पदरात टाकलं.