बिनचापाची नथ

गोजाबाईंनी पर्समधून मोत्यांची नथ काढली आणि डॉक्टरांच्या टेबलावर, रिपोर्टच्या फायलीशेजारी ठेवली.

"पोरीच्या लग्नात मला खरीखुरी नथ घालायचीय. नाक टोचून."

शेजारी बसलेल्या पोरीने, स्नेहलने, कपाळाला हात लावला. अक्कलदाढ काढल्यावर तिचं रक्त थांबता थांबेना, तेव्हा तपासणीत कळलं, की रक्त गोठायला लागणारं एक प्रथिन तिच्या अंगात कमी आहे आणि हे आईकडून आलंय. आईचाही रिपोर्ट तसाच निघाला. आता आई स्वतःला दोष देत बसणार, या धास्तीने कंपनीतून सुट्टी काढून ती तिला महाळुंग्याहून घेऊन आली होती. आणि आईचं भलतंच.

ही चापाची नथ जरा हसलं की सुटायची. पुतण्याच्या लग्नात ती आमटीत पडली आणि सोपानराव भर पंगतीत पळी घेऊन बायकोची नथ शोधत बसले. तेव्हापासून गोजाबाईंनी लग्नात हसायचंच सोडलं. एरवी हसण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

एवढी हौस होती, तर नाक आधीच का नाही टोचलं, असं डॉक्टर निशिगंधांनी विचारलं. गोजाबाई जरा घुटमळल्या. त्यांच्या माहेरच्या बायकांना देवीची बंदी होती. पूर्वी कुणीतरी टोचलं, तर रात्रभर रक्त वाहत राहिलं म्हणे. अंगावरून जास्त जातं तेही देवीचंच म्हणून सगळ्या सोसत आल्या. थोरल्या बहिणीची, शालनबाईंची, तर ऐन तिशीत पिशवी काढावी लागली.

डॉक्टर हसतील म्हणून गोजाबाई खाली बघत होत्या. डॉक्टर हसल्या नाहीत.

"देवीनं बरोबरच सांगितलं होतं. कारण तेवढं सांगायचं राहिलं. ते आता रिपोर्टात आलंय."

"मंग बंदी उठली म्हनायची?"

उठली, पण आधी इंजेक्शन घ्यायचं आणि टोचायचं ते इथेच, असं डॉक्टरांनी बजावलं. पुढच्या आठवड्यात तसंच झालं. स्नेहल कापूस धरून उभी होती. कापसावर टिकलीएवढं रक्त आलं आणि थांबलं. गोजाबाईंनी आरसा मागितला आणि हातातून खाली ठेवीचनात. स्नेहलला इतका आनंद झाला, की तिने दवाखान्यातच आईला मिठी मारली.

जखम भरेपर्यंत बारीक चमकी होती. लग्नात मात्र नथ. गोजाबाई सकाळपासून हसत होत्या, सोपानरावांच्या फेट्याला तर जास्तच. पंगतीत शेजारी बसलेल्या शालनबाईंनी सवयीने बहिणीच्या आमटीच्या वाटीवर हात धरला.

"आक्का, न्हाई पडायची ही."

शालनबाईंनी नथ बोटाने हलवून पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आगं, आन देवी?"

गोजाबाईंनी दवाखान्यातलं सगळं कानात सांगितलं. शालनबाई ऐकत होत्या, पण बघत होत्या पंगतीच्या टोकाकडे. तिथे त्यांची लेक मैत्री एका हाताने चापाची नथ धरून, न हसता जेवत होती. गेल्या महिन्यात पाळीच्या दिवसांत ती चक्कर येऊन पडली होती. आपल्यात असंच असतं, असं शालनबाईंनीच तिला समजावलं होतं.

"उद्या नेऊ का तिला?" त्यांनी विचारलं.

"उद्या ऐतवार हाय. सोमवारी जाऊ," गोजाबाई म्हणाल्या. "आन आक्का, तू बी रक्त तपासायला दे."

शालनबाईंनी वाटीवरचा हात काढला.